बाबांच्या फोनला वर्षभराचा रिचार्ज मारावा का?

पासष्टावी_कला:
मी पुण्यात, बाबा कोकणात संगमेश्वरजवळ गावी असतात, एकटेच. मागच्या महिन्यात त्यांचा 28 दिवसांचा पॅक संपला आणि मी साफ विसरलो, दोन दिवस फोन बंद, आत्याला वाटलं काहीतरी झालंच, तिने शेजारच्यांना रात्री दहाला दार वाजवायला पाठवलं, बाबा झोपेतून उठून त्यांच्यावरच ओरडले. तेव्हाच ठरवलं, एकदाच वर्षाचा मारून टाकायचा आणि विषय संपवायचा. हिशोब पण सरळ आहे. जुलै 2024 च्या भाववाढीनंतरचे जिओचे दर धरतो: 28 दिवसांचा रोज 2 जीबीवाला 349, वर्षात तो 13 वेळा मारावा लागतो (28 दिवसांचा महिना कुठल्या पंचांगात असतो देव जाणे), म्हणजे झाले 4537. वर्षाचा 3599. 938 रुपये वाचले, वर आत्याची शिवीगाळ वाचली. माझं मत, ज्याला एकरकमी परवडतं त्याने दुसरा विचारच करू नये. कोणाला वेगळं वाटतं का?

देवरुखकर:
मला वाटतं. पुण्यात बसून कोकणातला वर्षाचा रिचार्ज ठरवू नका हो. मी स्वतः पस्तावलोय, कंपनीचं नाव नको. जानेवारीत वर्षाचा मारला, जूनमध्ये पाऊस लागला आणि इथे लाईट गेली की तासाभरात टॉवर पण झोपायचा, गणपतीत तर मुंबईची सगळी गर्दी त्या एकाच टॉवरवर. शेवटी वैतागून पोर्ट केलं (नंबर तोच, कंपनी दुसरी) आणि उरलेले पाच महिने गेले समुद्रात. पोर्ट केल्यावर जुन्या कंपनीकडचे दिवस नवीकडे येत नाहीत, पैसे पण परत नाहीत. हे तुमच्या 938 मधून वजा करा.

रात्रपाळी:
पण भाववाढीचं काय? 2024 ला 27 जूनला जाहीर झालं की 3 जुलैपासून दर वाढणार, मी 2 तारखेच्या रात्री जुन्या भावात वर्षाचा 2999 मारला, आधीचा प्लॅन चालू होता म्हणून तो मागे रांगेत लागला. 600 रुपये तिथेच वाचले. 2019 ला वाढ, 2021 ला वाढ, 2024 ला वाढ, आणि ट्राय (फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) दर ठरवत नाही, कंपन्याच ठरवतात. लांबचा घेऊन ठेवणाराच शहाणा.

चौकातला_रिचार्जवाला:
मी दुकानदार, रोज हेच करतो म्हणून बोलतो. तुम्ही 28 ची तुलना थेट 365 शी केलीत, मधला 84 गाळलात. तेव्हाचाच 84 दिवसांचा 2 जीबीवाला 859 ला होता. रोजचे 10 रुपये 23 पैसे. वर्षाच्या पॅकला रोजचे 9 रुपये 86 पैसे. वर्षभरात फरक किती, 135 च्या आतबाहेर. म्हणजे 938 पैकी आठशे तर नुसता 28 सोडून 84 वर गेलात की वाचले, आणि बांधून घेतलं तीनच महिने. (वर्षाच्याला रोज अर्धा जीबी जास्त मिळतो हे मान्य, पण तो लागतो कोणाला.) आणखी एक, माझ्याकडे वीटभट्टीवरची माणसं येतात, एकावेळी 859 पण काढता येत नाहीत त्यांना, ती 28 चाच मारतात, म्हणजे ज्याच्याकडे कमी त्यालाच रोजचे साडेबारा रुपये पडतात. "परवडतं त्याने" हे बोलायला सोपं आहे दादा.

पासष्टावी_कला:
काका, शेवटचं पटलं, कान पकडतो. पण 84 म्हणजे वर्षातून चार-पाच वेळा लक्षात ठेवणं आलं, आणि माझा रेकॉर्ड तुम्हाला कळलाच.

मस्कत_ते_मिरज:
माझी केस वेगळी. इथे ओमानमध्ये भारतातलं सिम फक्त बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवतो, मला डेटा काय करायचाय! ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम काढला की नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक पण द्यायलाच लागतील, त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये ते आले. तेव्हा जिओचा 1748 आणि एअरटेलचा 1849. सगळे म्हणाले जिओ स्वस्त. अरे पण तो 336 दिवसांचा, दुसरा पूर्ण 365 चा! भागाकार करा, 5 रुपये 20 पैसे आणि 5 रुपये 7 पैसे. महाग दिसतो तोच स्वस्त. तुमच्या बाबांना पण तसलाच बघा, निम्म्यात काम.

आईची_टेक्निशियन:
नका हो, माझ्या आईला तसला पॅक मारून दिला होता, चौथ्या दिवशी रडवेला फोन, नातवाचा व्हिडिओ कॉल लागत नाही म्हणून. "म्हातारी माणसं नेट वापरत नाहीत" हे आपण ठरवतो, ती वापरतात. बाबांना विचारलंत का त्यांना किती डेटा लागतो?

पासष्टावी_कला:
नव्हतं विचारलं. आत्ता फोन करून सेटिंगमध्ये जायला लावलं, वीस मिनिटं गेली, त्यात एकदा फोन कट केला त्यांनी. महिन्याला दीड जीबी! आणि मी वर्षाला नऊशेच्या वर जीबी विकत घ्यायला निघालो होतो.

मस्कत_ते_मिरज:
मग वर्षाला एकूण 24 जीबीवाला बघा, एअरटेलचा त्याच भाववाढीत 1799 चा 1999 झाला होता.

आईची_टेक्निशियन:
आधी व्हॉट्सअॅपचं ऑटो डाउनलोड बंद करा, नाहीतर सुप्रभातच्या व्हिडिओंत 24 जीबी दिवाळीआधीच संपतील.

देवरुखकर:
सगळे डेटावर बोलताय. घरात रेंज येते का ते विचारा.

पासष्टावी_कला:
विचारलं. पडवीत दोन काड्या, माजघरात शून्य. बाबा म्हणे, "मी पडवीतच बसतो ना." गणपतीला जाईन तेव्हा शेजाऱ्यांचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून माजघरात बघतो, त्यात रेंज आली तर पोर्ट करून मग वर्षाचा. तोवर 84 चा मारतोय, रिमाइंडर बायकोच्या मोबाईलवर लावलाय.

रात्रपाळी:
आणि गणपतीपर्यंत भाव वाढले तर इथेच येऊन सांगा, मी जागाच असतो.