वेस्ट हॅमने अप्टन पार्क सोडायला हवे होते का?

मैदानवेडा :
२०१२ च्या ऑलिम्पिकसाठी लंडनच्या स्ट्रॅटफर्ड भागात बांधलेले स्टेडियम वेस्ट हॅम युनायटेडला ९९ वर्षांच्या करारावर मिळाले आणि २०१६ मध्ये हा क्लब १९०४ पासूनचे अप्टन पार्कचे मैदान सोडून तेथे गेला. फुटबॉलच्या दृष्टीने हा निर्णय चुकलाच, असे माझे मत आहे. जुन्या मैदानावर प्रेक्षक इतके जवळ असत की थ्रो-इन घ्यायला आलेल्या खेळाडूला पहिल्या रांगेतली शेरेबाजी शब्दन् शब्द ऐकू येई. नव्या जागी अॅथलेटिक्सच्या धावपट्टीवर हलवता येणाऱ्या खुर्च्या मांडल्या, तरी गोलमागचा प्रेक्षक खेळापासून लांबच राहतो, शिवाय खालच्या आणि वरच्या मजल्यांमध्ये मोठी पोकळी आहे. मार्च २०१८ मध्ये बर्नलीविरुद्ध ०-३ असा पराभव होत असताना प्रेक्षक मैदानात घुसले, तो रोष मालकांवर होता हे खरे, पण त्यात या स्थलांतराचाही वाटा होता.

हिशेबी :
क्लबबद्दल हळहळण्याचे कारण मला दिसत नाही. सुमारे ३५ हजारांच्या मैदानावरून तो ६० हजारांहून मोठ्या स्टेडियममध्ये गेला, तेही वर्षाला सुमारे २५ लाख पौंड इतक्या सुरुवातीच्या भाड्यावर. फुटबॉलसाठीच्या रूपांतराला ३२ कोटी ३० लाख पौंड लागले आणि त्यात क्लबने दिले दीड कोटी! हिरवळीची निगा, सुरक्षारक्षक, इतकेच काय, गोलपोस्ट आणि कोपऱ्यातले झेंडेसुद्धा सार्वजनिक तिजोरीतून. क्लबची पाचही बोटे तुपात आहेत. रडायचे असेल तर ते लंडनच्या करदात्याने.

मैदानवेडा :
हिशेब मान्य आहे, मात्र त्यातून प्रेक्षकाला काय मिळाले? लंडनच्याच टॉटनहॅम क्लबने याच जागेसाठी बोली लावताना स्टेडियम पाडून धावपट्टीविना नवे बांधण्याचा आणि अॅथलेटिक्ससाठी क्रिस्टल पॅलेसचे मैदान सुधारण्याचा प्रस्ताव दिला होता. तो फेटाळला गेला, कारण ऑलिम्पिकचे यजमानपद मिळवताना दिलेला धावपट्टी राखण्याचा शब्द मोडायचा नव्हता. पुढे त्यांनी स्वतःच्या जुन्या जागी बांधलेले, २०१९ मध्ये खुले झालेले स्टेडियम पाहा. तेथे दक्षिणेकडे साडेसतरा हजारांची एकसलग प्रेक्षकगॅलरी आहे.

पूर्व_लंडनकर :
त्या धावपट्टीवर २०१७ ची जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धा झाली, हे का विसरता? आवाजाचे म्हणाल, तर मार्च २०२२ मध्ये याच स्टेडियमवर वेस्ट हॅमने स्पेनच्या सेव्हिला क्लबला जादा वेळेत २-० ने हरवले ती रात्र आठवा. जिंकणाऱ्या संघाला कोणतेही मैदान मानवते. तरीही हिशेबींशी मी पूर्ण सहमत नाही, कारण खर्च वाढला तो फुटबॉलचा विचार उशिरा झाल्यामुळे. मँचेस्टरमध्ये २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेनंतर धावपट्टी उखडून, मैदान खाली खोदून खुर्च्यांची आणखी एक पातळी करायची, हे बांधकामाच्या आधीच ठरले होते. म्हणून २००३ मध्ये मँचेस्टर सिटीला खऱ्या अर्थाने फुटबॉलचे स्टेडियम मिळाले.

बालेवाडीचा :
धावपट्टीपलीकडून फुटबॉल पाहणे म्हणजे काय, हे एफसी पुणे सिटीचे सामने बालेवाडीत पाहिलेल्यांना सांगावे लागत नाही. खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक वाचेपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असे.

हिशेबी :
गैरसोय मान्य. पण अॅथलेटिक्ससाठी खुर्च्या हलवायला दरवर्षी लाखो पौंड कोण मोजते, हा प्रश्न उरतोच.