मदत हवी आहे: पहाटे ५ ला उठणं काही केल्या जमत नाहीये

रानजाई
नमस्कार. पहाटे ५ ला उठायचं, पाऊण तास जर्मनचा अभ्यास, मग सूर्यनमस्कार, मग डबा, असं ठरवलंय. दोन आठवड्यांत एकदाही जमलेलं नाही. गजर वाजतो, हात आपोआप जाऊन तो बंद करतो आणि जाग येते ती थेट सव्वासहाला. मुलीची बस ६:५० ला. तिथून जी पळापळ सुरू होते ती दिवसभर संपत नाही. जानेवारीत जर्मनच्या बी१ पातळीची परीक्षा आहे. कृपया ‘निश्चय करा’ सांगू नका, निश्चय आहे. नेमका उपाय हवा आहे, आणि लवकर.

पहाटवारा
ब्राह्ममुहूर्त साधा, बाकी सगळं आपोआप येतं. मी १४ वर्षं ४ ला उठतोय, गजर लावावा लागत नाही. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवा आणि उठल्याबरोबर प्या.

कोरांटी
ताई, झोपता किती वाजता?

रानजाई
प्रश्न झोपेचा नाही, उठण्याचा आहे. मला पडल्या पडल्या झोप लागते.

सह्यकडा
@पहाटवारा, ब्राह्ममुहूर्त म्हणजे ४ वाजता, हे कुठून आलं? सूर्योदयाआधी दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटं आधी तो सुरू होतो आणि ४८ मिनिटं असतो. पुण्यात डिसेंबरअखेर सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे साडेपाचच्या सुमारास. जूनमध्ये साडेचारच्याही आधी. ऋतूप्रमाणे सरकणारी वेळ आहे ती.

पहाटवारा
आकडेमोड करून कुणी उठत नाही. माझे वडील बारा महिने ४ ला शेतावर असायचे.

सह्यकडा
आणि रात्री जेवणं कधी व्हायची?

पहाटवारा
दिवेलागणीलाच. नऊच्या आत गाव झोपलेलं असायचं. पण त्याचा इथे काय संबंध?

गवतीचहा
डब्याचं सांगते. कणीक रात्रीच मळा, वरून तेलाचा हात लावून फ्रिजमध्ये ठेवा. भेंडी रात्री धुऊन पसरून ठेवा, सकाळी कोरडी चिरली की तार सुटत नाही. माझी वीस मिनिटं वाचतात.

कोरांटी
झोप लागते हे कळलं. किती वाजता लागते?

रानजाई
न्यूयॉर्कच्या टीमबरोबर रोज मीटिंग असते, ती साडेदहाला संपते. मग मुद्दे लिहून पाठवायचे, ओटा आवरायचा. पाठ टेकायला बारा-सव्वाबारा होतात. पण ही मीटिंग तीन वर्षं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात याच मीटिंगसकट मी पाचला उठत होते. म्हणून तर म्हणतेय की झोपेचा प्रश्न नाही. माझंच काहीतरी ढिलं पडलंय.

कोरांटी
म्हणजे आधी जमत होतं! हे पहिल्यांदाच लिहायला हवं होतं. ऑक्टोबरात मीटिंग कधी संपायची?

रानजाई
साडेनऊला.

एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमची घड्याळं तासभर मागे गेली. इथले सकाळचे ११ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेआठ होते, आता साडेनऊ झाले. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत असंच राहणार. तुमचं काही ढिलं पडलेलं नाही, तुमच्या झोपेतला एक तास गेलाय. मीटिंग इथल्या १० ला घ्या म्हणून सांगा. आमच्या टीममधल्या हैदराबादच्या मुलीने सांगेपर्यंत इथे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सह्यकडा
शरीराच्या घड्याळावरच्या कामाला २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ते घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं, म्हणून सकाळचं ऊन डोळ्यांवर येऊ द्या. रात्री मीटिंगला कॉफी घेता का? तिचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

रानजाई
नऊला मोठा मग घेते, नाहीतर डोळे मिटतात.

पहाटवारा
कॉफी बंद करून तांब्याचं पाणी घ्या.

गवतीचहा
रात्री पाणी प्यायलं तर झोपमोड होते हो.

कोरांटी
ताई, अजून एक. ६:५० ला बस गेली की लॉगिनपर्यंत काय करता? लॉगिन किती वाजता?

रानजाई
लॉगिन ११ ला. बस वळली की मी जिन्यातच मेल उघडते. रात्रीतून तिकडून तीस-चाळीस आलेले असतात. दारात चप्पल काढायच्या आधी दोघांना उत्तर गेलेलं असतं. मग सुरूच होतं ते.

हे लिहिताना दिसतंय मला. सात ते आठ हा वेळ आहे माझ्याकडे. न्यूयॉर्क तेव्हा झोपायच्या तयारीत असतं, कुणी वाट पाहत नसतं. आणि मी तो पहाटे पाचला शोधतेय.

कोरांटी
बसपर्यंत जाताना फोन घरी ठेवा, पुस्तक न्या. पाचचं मार्चमध्ये बघू.

रानजाई
चार दिवसांनी लिहितेय. मॅनेजरशी बोलले. १० नाही, पण तिकडचे साडेदहा मिळाले, म्हणजे आपल्याकडे दहाला सुटका. अकराला झोपते, सहाला उठते. कणीक रात्रीच मळली. फोन शूरॅकवर ठेवून खाली गेले आणि बस गेल्यावर सोसायटीच्या बाकावर उन्हात पाऊण तास बसले. चारही दिवस. सूर्यनमस्कार अजून राहिलेत, ते सध्या फक्त रविवारी.

@एडिसनकर, @कोरांटी, मनापासून आभार. महिनाभर मी स्वतःलाच बोल लावत होते.

आता पुढचं. परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण या प्रत्येकात ६० गुण लागतात आणि माझं श्रवण कच्चं आहे. सात वाजता ऐकता येईल असं, पण फोन न उघडता, काही सुचतंय का कुणाला?