गावात खासगी डेअरी असताना सहकारी दूध संस्था काढावी का? माप, तपासणी, नोंदणी, हिशोब

माणदेशी

राम राम मंडळी. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं, शेतीपेक्षा दुधावरच घरं चालतात. दूध घालणारे सत्तरेक जण, बहुतेकांकडे दोन-तीन संकरित गायी, काही घरांत म्हशी. दोन्ही वेळचं मिळून पाचशे लिटरच्या आसपास दूध निघतं. खासगी संकलन केंद्रं दोन आहेत. दर वाईट नसतो, पण फॅट (दुधातली स्निग्धता) आणि एसएनएफ (स्निग्धता सोडून उरणारे घन घटक) कधी किती लागेल याचा नेम नाही. पावती कच्ची. दिवाळीनंतर पुष्टकाळात दूध वाढलं की दर पाडतात, आणि अंगावर उचल असल्यामुळे बऱ्याच जणांना दुसरीकडे दूध घालताही येत नाही.

काही जण म्हणतात, जिल्हा दूध संघाला जोडलेली सहकारी संस्था काढू. काही म्हणतात, आधीची संस्था कारभाऱ्यांनी बुडवली, पुन्हा तेच होणार. नोंदणीला काय लागतं, पाचशे लिटरवर संस्था तग धरते का, आणि मुख्य म्हणजे उत्पादकाच्या हातात खरंच जास्त काही पडतं का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

लॅक्टोमीटर

दादा, नोंदणीचं पुढे बघू. आधी दूध मोजायचं आणि तपासायचं कसं, ते ठरवा. उत्पादकाचा विश्वास इथेच बसतो किंवा उडतो.

काटा किलोत मोजतो आणि दर असतो लिटरचा. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणजे १०० किलो दूध ९७ लिटर भरतं. संस्थेने उत्पादकाच्या नावावर किलोचाच आकडा लिटर म्हणून चढवला आणि संघाने १.०३ ने भागून लिटर धरले, तर शंभराला तीन लिटरची घट संस्थेच्या डोक्यावर. तुमच्या पाचशेला रोज पंधरा लिटर! वर्षअखेरीस सचिवावर आळ येतो आणि मूळ असतं संगणकातल्या एका सेटिंगमध्ये. संघ कोणत्या पद्धतीने लिटर धरतो ते लेखी घ्या आणि तेच गावात लावा.

काटा १० ग्रॅमपर्यंत वाचणारा हवा. शंभर ग्रॅमच्या खालचा आकडा सोडून द्यायची सवय असेल तर प्रत्येक मापामागे सरासरी ५० ग्रॅम जातात. सत्तर माणसं, दोन वेळा: रोजचं सात किलो. नमुन्याचंही तसंच. माणशी ५० मिली काढलं तरी दिवसाला सात लिटर जमतं. हे नमुन्याचं दूध कुठे जातं हा प्रश्न पहिल्याच सभेत विचारा. ते विकून संस्थेच्या खात्यात रोज वेगळी नोंद झाली पाहिजे. वैधमापन खात्याचा शिक्का दरवर्षी, आणि काट्याचा आकडा उत्पादकाला समोर दिसेल अशी मांडणी.

आता फॅट. नमुना घेण्याआधी किटलीतलं दूध वर-खाली ढवळायलाच हवं. साय वर आलेली असते, वरून नमुना घेतला तर फॅट फुगते, तळातून घेतला तर पडते. भांडण झालं की निकाल गर्बर पद्धतीने: ब्युटायरोमीटरमध्ये (फॅट मोजायच्या काचेच्या नळीत) आधी १० मिली गंधकाम्ल, मग १०.७५ मिली दूध कडेने हळू सोडायचं, शेवटी १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच घट्ट लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांवर पाचेक मिनिटं फिरवायचं आणि ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. फॅटच्या थराखाली काळा जळका चोथा दिसला तर आम्ल जास्त तीव्र आहे. पांढरट दही राहिलं तर आम्ल पातळ आहे, बाटली उघडी राहून हवेतलं पाणी शोषलेलं असतं. दोन्ही वेळेला वाचन रद्द.

एसएनएफवर लोकांचं लक्ष कमी आणि कपात तिथेच जास्त. डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचा (दुधाची घनता दाखवणाऱ्या तरंगत्या नळीवरचा) आकडा, तो २७ अंश तापमानाला वाचायचा असतो. धारेचं गरम दूध ३२ अंशांना मोजलं तर अंशामागे ०.२ प्रमाणे एक डिग्री मिळवावी लागते. ती मिळवली नाही की एसएनएफ ०.२५ ने, म्हणजे अडीच पॉइंटने खाली दिसतो. फेस असतानाही लॅक्टोमीटर बुडवू नका.

शिवाय सूत्र कोणतं? डिग्री २८, फॅट ३.५ घ्या. डिग्रीचा चौथा भाग + फॅटची ०.२१ पट + ०.३६ या सूत्राने एसएनएफ येतो ८.१. फॅटची ०.२५ पट + ०.४४ धरलं तर ८.३. दूध तेच, डिग्री तीच. म्हणून दोन डेअऱ्यांचे नुसते दरफलक शेजारी लावून काही कळत नाही, सूत्रही विचारावं लागतं.

अल्ट्रासोनिक मशिनवर (ध्वनिलहरींनी दूध तपासणाऱ्या) काम पटापट होतं, पण नमुन्यात हवेचे बुडबुडे असले की आकडा घसरतो आणि रोजची धुलाई चुकली की आत थर बसून तो सरकत जातो. गाय आणि म्हैस वेगवेगळ्या चॅनलवरच तपासा. आठवड्यातून एकदा चार-पाच नमुने गर्बरला लावून ताडून पाहा, आणि ते वाचन तारखेसह भिंतीवर लावा.

ताळेबंद

लॅक्टोमीटर यांनी मापाचं सांगितलं, मी कागदाचं आणि पैशाचं सांगतो.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण पुरतात. प्रत्यक्षात दुग्ध विभागाचे सहाय्यक निबंधक किमान सभासद आणि किमान दूध किती आहे ते पाहतात. ती अट आधी कार्यालयात जाऊन विचारा. क्रम असा ठेवा: प्रवर्तकांची सभा, मुख्य प्रवर्तकाची निवड, नाव राखून बँकेत खातं उघडायची परवानगी, भागभांडवल गोळा करणं, मग उपविधींच्या (संस्थेच्या स्वतःच्या नियमांच्या) प्रतींसह अर्ज. या सगळ्याच्याही आधी संघाकडून ‘तुमचं दूध स्वीकारू’ असं पत्र घ्या, नाहीतर नोंदणी झालेली संस्था कॅन घेऊन रस्त्यावर उभी राहते. अन्न परवान्याचंही बघा. रोज ५०० लिटरपर्यंतच्या संकलनाला साधी नोंदणी चालते, त्यावर परवाना लागतो. तुम्ही नेमके त्या रेषेवर आहात.

तग धरते का? संघ लिटरमागे संस्थेला कमिशन देतो. हिशोबापुरतं सव्वा रुपया धरू. ५०० × ३० × १.२५ म्हणजे महिन्याला १८,७५० रुपये. त्यातून सचिव, तपासनीस, मदतनीस, वीज, रसायनं, स्टेशनरी, जागा आणि लेखापरीक्षण. तीन माणसांचे पगार यात बसत नाहीत. दोन माणसांत काम उरका आणि जागा सुरुवातीला भाड्याची किंवा कोणाची तरी फुकट. बल्क कूलर (दूध थंड ठेवायची मोठी टाकी) पहिल्या वर्षी घेऊ नका. दूध ४ अंशांवर आणून ठेवायचं तर वीज गेल्यावर जनरेटर चालवावा लागतो, आणि पाचशे लिटरवर तो डिझेलचा खर्च झेपत नाही. संघाची गाडी दोन्ही वेळेला वेळेवर येत असेल तर ४० लिटरचे कॅन पुरेत. गाडीला उशीर झाला तर दूध नासतं, आणि नासलेल्या दुधाचा भुर्दंड कोणावर, हेही संघाच्या पत्रात असू द्या.

नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीला जातो, लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. उरलेल्याचं वाटप भागावर नको, वर्षभरात घातलेल्या दुधावर करा. दिवाळीला मिळणारा फरक म्हणजे हाच. खासगी केंद्राचा रोजचा दर कधी रुपयाने जास्त दिसतो, पण त्याच्या नफ्यात तुमचा वाटा नसतो. तुलना करताना वर्षाचे सगळे दुधाचे पगार (दर दहा दिवसांनी मिळणारे दुधाचे पैसे) अधिक फरक, भागिले एकूण लिटर, असा हिशोब मांडा.

जुनी संस्था बुडाली ती बहुधा उधारीने. संस्था पशुखाद्य उधार देते, दुधाच्या पगारातून कापते, आणि गाय भाकड गेली की येणं अडकतं. नियम करा: मागच्या तीन पगारांच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त उधारी कोणालाही नाही, संचालकांनाही नाही. थकबाकीची यादी दर दहा दिवसांनी फलकावर. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत, आणि लेखापरीक्षणाचा अहवाल सभेत वाचून दाखवायचा. ‘वाचला असे समजण्यात यावे’ हे चालू देऊ नका.

हिरवा_चारा

दोन्ही प्रतिसाद उत्तम. पण हातात काय पडतं याचं उत्तर निम्मं गोठ्यात आहे.

दहा-दहा लिटरच्या दोन गायी धरा. दहा दिवसांत २०० लिटर, ३० रुपये दराने ६,००० रुपये. खुराकाचा ढोबळ नियम असा: शरीर पोसायला दीड ते दोन किलो, शिवाय गायीला लिटरमागे ४०० ग्रॅम, म्हशीला ५०० ग्रॅम. म्हणजे दोन गायींना रोज बारा किलो, दहा दिवसांत १२० किलो. ५० किलोच्या पोत्याला १६०० धरले तर ३,८४० रुपये गेले. उरल्या २,१६० मध्ये वैरण, औषधं आणि घरच्यांची मेहनत. दर एक रुपयाने वाढला तर २०० रुपये वाढतात. खुराक रोज दोन किलोने कमी लागला तर दहा दिवसांत ६४० वाचतात. तो कमी करायचा मार्ग म्हणजे मुरघास, हवाबंद मुरवलेला हिरवा चारा. मका दाणा दुधाळ ते चिकात असताना कापायचा, ओलावा ६५ ते ७० टक्के, बारीक कुट्टी करून हवा पूर्ण दाबून काढायची, ४५ दिवस बंद ठेवायचं. बुरशी येते ती हवा राहिल्यामुळे. एकट्याला कुट्टी यंत्र परवडत नाही, संस्थेने एक घेऊन फिरवलं तर सगळ्यांचं भागतं. संस्थेचा खरा उपयोग अशा ठिकाणी दिसतो.

फॅट पडते त्याची कारणं साधी आहेत. पहिल्या धारेत फॅट अगदी कमी असते, शेवटच्या धारेत भरपूर. घाईत सड पूर्ण न पिळता उठलं की फॅट कासेतच राहिली. रेडकाला शेवटी सोडत असाल तर फॅट रेडकू पितं. त्याला आधी पाजा. खुराक फार आणि कडबा कमी असला तरी फॅट पडते. एसएनएफ मात्र उपासमारीने, उन्हाच्या ताणाने आणि सुप्त कासदाहाने पडतो. कास वरून निरोगी दिसते, म्हणून महिन्यातून एकदा चारही सडांची सीएमटी (कासदाह ओळखायची) चाचणी करा. द्रावण आणि चार खणांची तबकडी संस्थेत ठेवली तर सत्तर गोठ्यांना पुरते. कासदाहावर प्रतिजैविक दिलं की वेष्टनावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध संकलनाला घालायचं नाही. एकाच्या किटलीमुळे अख्खा कॅन परत येतो.

माणदेशी

मंडळी, मनापासून आभार. किलो-लिटरचं गणित आज पहिल्यांदा नीट समजलं. एक अडचण राहते: वीस-पंचवीस जणांवर खासगी केंद्राची उचल आहे. ते आले नाहीत तर दूध तीनशे लिटरवर येतं.

ताळेबंद

मग तीनशेवर सुरू करू नका. आधी उचल मोकळी करायची सोय बघा. प्रत्येकाच्या उचलीचा आकडा आणि कपातीच्या नोंदी त्याच्याकडून लिहून घ्या. जिल्हा बँक किंवा राष्ट्रीयीकृत बँक पशुपालकांना किसान क्रेडिट कार्डावर खेळतं भांडवल देते. संस्थेने ‘दुधाच्या पगारातून हप्ता कापून भरू’ असं पत्र दिलं तर बँकेचं काम सोपं होतं. तोवर चालू केंद्राकडूनच रोजची छापील पावती मागा आणि वर्षभराच्या पावत्या जपा, बँकेला त्याच लागतात. संस्थेने स्वतःच्या पैशातून कोणाची उचल फेडू नये. पहिल्याच महिन्यात भांडवल अडकेल.

कासरा

एक मुद्दा राहिला. साखर कारखान्याला ऊस उत्पादक सभासद व्हायचं तर शेत लागतं, दूध संस्थेला जनावर पुरतं. भूमिहीन घरातली एक म्हैससुद्धा मतदार होते, आणि पाच लिटरवाल्याचं मत पन्नास लिटरवाल्याइतकंच. १९४६ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने संघ (आजचा अमूल) उभा राहिला तो याच पायावर, आणि कोल्हापूरच्या गोकुळ दूध संघाचीही १९६३ पासूनची घडण गावोगावच्या अशा संस्थांवरच आहे. म्हणून सभासदत्व जी बाई धारा काढते तिच्या नावावर करा आणि पगार तिच्याच खात्यावर जमा होऊ द्या. सातबारा कोणाचा आहे याचा इथे संबंध नाही. समितीत दोन जागा महिलांना राखीव असतातच, त्या नावापुरत्या भरू नका.

कागदी सभासद मात्र घेऊ नका. संघाच्या निवडणुकीत संस्थेच्या ठरावाला वजन असतं, त्यासाठी दूध न घालणारी नावं भरली जातात आणि पुढे तीच माणसं कारभार चालवतात. वर्षात किमान किती दिवस आणि किती लिटर दूध घातलं तर मतदानाचा हक्क, हे उपविधीत पहिल्या दिवशीच लिहून घ्या. नंतर ते घालायला सभेत बहुमत मिळत नाही.

आणि सगळ्या जनावरांच्या कानात बिल्ले मारून ऑनलाइन नोंद आत्ताच करून ठेवा. २०२४ मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, तेव्हा बिल्ला आणि बँक खातं जुळत नसलेल्यांचे पैसे अडकले. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं तर लसीकरणाच्या फेरीतच बिल्ले मारून देतात.