माळ्यावरचा ४८६ : ठेवावा की मोडीत काढावा?

फ्लॉपीवाला : दिवाळीच्या साफसफाईत बाबांचा ४८६, म्हणजे त्या प्रोसेसरचा जुना संगणक, माळ्यावरून खाली आला. घरात डीटीपीची (संगणकावर छपाईची पानं लावायची) कामं चालायची तेव्हाचा. बटण दाबलं तर मेमरीचे आकडे सरसर मोजून झाले, एक बीप, मग फ्लॉपी ड्राइव्हची घर्रर्र-टक्-टक्. अंगावर काटा आला राव! बायको म्हणते, देऊन टाका. चालतं यंत्र मोडीत काढू नये असं माझं ठाम मत. एका फ्लॉपीच्या १.४४ एमबीत अख्ख्या दिवाळी अंकाचा मजकूर मावायचा, आज एक फोटो मावत नाही.

एसएसडीप्रेमी : विंडोज ९५ च्या १३ फ्लॉप्या एकामागून एक घातल्यात मी. बाराव्या फ्लॉपीला एरर आला की रात्र गेली. त्यात कसलं सुख? सोनीनेही २०११ मध्ये फ्लॉपी विकणं थांबवलं. फाइली काढून घ्या आणि डबा ई-कचरा केंद्रात द्या. भंगारवाल्याला मात्र नको, त्या जुन्या जाड मॉनिटरच्या काचेत शिसं असतं.

फ्लॉपीवाला : फाइली युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-संकेतांच्या) आधीच्या फॉन्टातल्या आहेत. लॅपटॉपवर उघडल्या की नुसती भलतीच चिन्हं.

एसएसडीप्रेमी : कन्व्हर्टर असतात की.

फ्लॉपीवाला : वापरून बघितला. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार गळतो. 'मार्च'चा 'माच' झाला. बाबांनी लावलेलं पान जसंच्या तसं फक्त याच डब्यावर दिसतं.

सोल्डरवाली : भांडण नंतर, आधी मशीन बंद करून उघडा! ४८६ च्या बऱ्याच बोर्डांवर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळली की तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. हिरवट थर दिसला तर बॅटरी कापून काढा, व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या इअरबडने पुसा, वरून आयसोप्रोपिल अल्कोहोल. फ्लॉपीचं शटर, म्हणजे सरकतं झाकण, सरकवून आतली चकतीही बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी धरते, आणि तशीच आत घातली तर ड्राइव्हचं वाचणारं हेड खराब होऊन पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. मी ठेवण्याच्या बाजूची, पण नुसतं माळ्यावर टाकणं म्हणजे ठेवणं नव्हे.

एसएसडीप्रेमी : बॅटरीचं ठाऊक नव्हतं, ताई. मत तेच आहे, पण त्या फाइली निघेपर्यंत तरी डबा जगवा.

फ्लॉपीवाला : उघडला. बॅटरीच्या टोकाला हिरवं आलंय, रेषा शाबूत दिसतायत. बायकोच टॉर्च धरून उभी आहे.