कारण आधी आणि कार्य नंतर, पण ‘आधी’ कोणाच्या घड्याळाने?

माहुलीकर, सातारा

गेल्या आठवड्यात साताऱ्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते अभ्यासू होते, पण शेवटी त्यांनी असे विधान केले की आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने घटनांचा क्रम निरीक्षकावर सोपवला, त्यामुळे कार्यकारणभावही निरीक्षकसापेक्ष ठरला. सभागृहात टाळ्या पडल्या. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले असल्यामुळे मला टाळी वाजवणे जमले नाही, म्हणून हा धागा काढत आहे. माझे म्हणणे नेमके उलट आहे. सापेक्षतावादाने कार्यकारणभाव मोडला नाही, उलट त्याला संरक्षण दिले.

उदाहरण आपल्याच भागातले घेऊ. अजिंक्यताऱ्यावर दिवा लागला आणि सांगलीच्या गणपती मंदिरात घंटा वाजली, अशा दोन घटना धरा. दोन्ही ठिकाणांमध्ये सरळ रेषेत साधारण ११० किलोमीटर अंतर आहे आणि सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावणाऱ्या प्रकाशाला ते कापायला सुमारे ०.३७ मिलिसेकंद लागतात. समजा, जमिनीवर उभ्या असलेल्या आपल्या हिशेबाने दिव्यानंतर ०.१ मिलिसेकंदाने घंटा वाजली. साताऱ्याकडून सांगलीकडे प्रकाशवेगाच्या सुमारे २७ टक्क्यांहून अधिक वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या हिशेबाने मात्र घंटा आधी वाजली आणि दिवा नंतर लागला. (त्याच दिशेने ताशी १०० किलोमीटर धावणाऱ्या रेल्वेतही फरक पडतो, पण तो सेकंदाचे तीन हजार कोटी भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा, त्यामुळे मिरजेला उतरताना घड्याळ जुळवण्याची गरज नाही.) येथपर्यंत वक्ते बरोबर होते.

त्यांनी पुढचा हिशेब केला नाही. दिव्याची कोणतीही खूण ०.१ मिलिसेकंदात सांगलीला पोचू शकत नाही, म्हणून तो दिवा त्या घंटेचे कारण असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन घटनांमध्ये ०.३७ मिलिसेकंदांहून अधिक काळ गेला असेल, तर निरीक्षक कितीही वेगाने जात असो, क्रम उलटत नाही. गणितज्ञ मिंकोव्स्कीने १९०८ मध्ये अवकाश आणि काल यांची जी एकत्र भूमिती मांडली, तिचे मर्म हेच आहे. अन्नंभट्टाने तर्कसंग्रह या न्यायदर्शनाच्या ग्रंथात कारणाची व्याख्या ‘कार्यनियतपूर्ववृत्ति’ अशी केली आहे, म्हणजे कार्याच्या आधी नियमाने असते ते कारण. त्यातल्या ‘पूर्व’ या शब्दाला आता काटेकोर अर्थ मिळाला, इतकेच झाले: सर्व निरीक्षकांच्या हिशेबाने जे पूर्व, तेच पूर्व.

हरिपूरकर, सांगली

माहुलीकर सर, वक्त्यांची चूक आपण दाखवली ती मान्य आहे, पण आपण अन्नंभट्टाला साक्षीला बोलावले त्याला माझी हरकत आहे. मी वाईला राहून न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कदर्शन, थोडेफार शिकलो आहे, म्हणून हे धाडस करतो. त्याच ग्रंथात कालाबद्दल ‘स चैको विभुर्नित्यश्च’ असे स्वच्छ म्हटले आहे. काल एक आहे, सर्वव्यापी आहे, नित्य आहे, आणि न्यायमताने प्रत्येक कार्याचे तो साधारण, म्हणजे सगळ्यांना सामाईक, कारणही आहे. नैयायिकाचे, म्हणजे न्यायमत मानणाऱ्याचे, ‘पूर्व’ उभे आहे ते या एकाच कालावर, आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये नेमका तोच काढून घेतला. जुने घर पाडायचे आणि त्याच्या दारावरची पाटी नव्या घराला लावायची, असा हा प्रकार झाला.

दुसरी हरकत मला अधिक महत्त्वाची वाटते. नैयायिक केवळ पूर्ववृत्तीवर थांबत नाही, ते ‘अनन्यथासिद्ध’, म्हणजे ज्याच्यावाचून कार्य होतच नाही असे, असले पाहिजे असेही तो म्हणतो. घटाच्या आधी कुंभार असतो, चाक असते, दंड असतो, आणि त्यांच्याबरोबर माती वाहून आणणारे गाढव आणि कुंभाराचा बापही असतो. शेवटच्या दोघांना नैयायिक अन्यथासिद्ध म्हणून बाजूला काढतो. आपल्या भूमितीत घटापासून मागे पसरलेला जो प्रकाशशंकू असतो, म्हणजे ज्या घटनांपासून प्रकाश घटापर्यंत पोचू शकतो त्या सगळ्यांचा समूह, त्यात गाढव आहे, बाप आहे, अंगणातली चिमणी आहे, आणि सन १७०० मधला औरंगजेबाचा साताऱ्याचा वेढाही आहे, कारण या सगळ्यांपासून घटापर्यंत काहीतरी पोचायला भरपूर वेळ होता. यांपैकी कोणामुळे घट झाला, याबद्दल शंकू अवाक्षर काढत नाही. तो उमेदवारांची यादी देतो, निवड करत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तेव्हाही कावळ्याचे बसणे शंकूच्या आतच असते.

माहुलीकर, सातारा

दुसरी हरकत मी पूर्णपणे स्वीकारतो. पहिलीबद्दल मात्र एक गोष्ट सुचवतो. न्यायाच्या जोडीचे दर्शन मानणाऱ्या वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व या गुणांचे दोन प्रकार मानले आहेत: दिक्कृत, म्हणजे दूर आणि जवळ, आणि कालकृत, म्हणजे ज्येष्ठ आणि कनिष्ठ. यांपैकी दूर-जवळ हे बघणारा कोठे उभा आहे यावर ठरते, हे त्यांना ठाऊक होतेच. कराड साताऱ्याहून जवळ आणि मिरज लांब, सांगलीहून मात्र नेमके उलट, आणि त्यामुळे कोणाच्या तत्त्वज्ञानाला तडा जात नाही. आता माझ्या दिव्याचे आणि घंटेचे ०.१ मिलिसेकंदाचे उदाहरण पुन्हा पाहा. त्यांच्यातले आधी-नंतर हे कालकृत परत्वासारखे वागत नाही, दिक्कृत परत्वासारखे वागते. आपण ज्याला कालाचा क्रम समजत होतो त्याचा काही भाग प्रत्यक्षात दूर-जवळच्या जातीचा निघाला, असे म्हटले तर एक, विभू कालाचा आग्रह सोडावा लागेल हे खरे, पण ज्येष्ठ-कनिष्ठ ही कल्पना उरलेल्या भागात शाबूत राहते.

तासगावकर

मी द्राक्षबागायतदार आहे. पदार्थविज्ञानाची पदवी घेतल्यावर त्या विषयाशी संबंध वाचनापुरता उरला, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. मला दोघांचेही मत पटत नाही, कारण दोघेही निसर्गात कारण नावाची वस्तू असते असे धरून चालला आहात.

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९१२ मध्येच मांडले होते की प्रगत विज्ञानात कारण हा शब्द लागतच नाही, तेथे असतात ती समीकरणे. आइन्स्टाइनची समीकरणे काल उलटा केला तरी तितकीच खरी राहतात. सरांच्या प्रकाशशंकूला दोन तोंडे असतात आणि त्यांपैकी भूतकाळाचे कोणते, भविष्याचे कोणते, हे भूमिती सांगत नाही. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. प्रकाशाहून वेगवान संकेत असता तर तो स्वतःच्या भूतकाळात पाठवता आला असता, हे आइन्स्टाइनने १९०७ मध्ये दाखवले, पण त्यात तार्किक विसंगती आहे असे तो म्हणाला नाही. आपल्या सगळ्या अनुभवाशी ते विसंगत आहे म्हणून अशक्य मानावे, एवढेच त्याचे म्हणणे होते. म्हणजे कार्यकारणभाव आधी गृहीत धरला, त्यावरून वेगाची मर्यादा पक्की केली, आणि आता सर सांगतात की वेगाच्या मर्यादेने कार्यकारणभावाला संरक्षण दिले. आडात आपणच ओतलेले पाणी पोहऱ्यात आले तर नवल कसले? आणि व्यापक सापेक्षतावादात, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तात, तर हे संरक्षणही उरत नाही, कारण १९४९ मध्ये गणितज्ञ गोडेलने त्या समीकरणांचे असे एक उत्तर काढले की ज्यातल्या विश्वात प्रवासी स्वतःच्या भूतकाळात परत येऊ शकतो.

बागेत दावण्या आला की ‘पाऊस पडला म्हणून’ असे मी म्हणतो आणि औषधविक्रेता ‘तुमची फवारणी चुकली म्हणून’ असे म्हणतो. पानावरच्या बुरशीला या वादाशी कर्तव्य नसते. कारण हा माणसाच्या सोयीचा शब्द आहे.

कृष्णाकाठ, सांगली

तासगावकर, मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे ‘माणसाच्या सोयीचा शब्द’ हे मला फार स्वस्त वाटते. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत एकच वाद घरोघर चालला होता: पुराचे कारण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा फुगवटा (अडलेले पाणी नदीत मागे चढणे), की कोयनेचा विसर्ग आणि वरची अतिवृष्टी? निकाल काय, हा या धाग्याचा विषय नाही. पण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न बोलता मान्य केली होती. कोयनेचे पाणी कराडला कृष्णेला मिळून आयर्विन पुलापर्यंत यायला काही तास जावे लागतात, आणि अलमट्टी नदीच्या खालच्या अंगाला असली तरी तिचा फुगवटा चढत येतो तोही एकेक ठिकाण ओलांडत. अवकाशात कार्य कारणाच्या वरच्या अंगाला असू शकते, कालात असू शकत नाही. कारणाला कार्यापर्यंत वाट लागते. (वाट लागणे हा शब्दप्रयोग पूरग्रस्तांनी कोणत्या अर्थाने घ्यायचा तो घ्यावा.)

माझ्या मते सापेक्षतावादाचे खरे देणे हेच आहे, आणि सरांनी त्याचा उल्लेख केलेला नाही. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण कोणत्याही अंतरावर तत्क्षणी पोचत असे, आणि मध्ये काहीच नसताना ते कसे पोचते, या प्रश्नाने खुद्द न्यूटनही अस्वस्थ होता. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये ती वाट भरून काढली. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण पृथ्वीवर नोंदले गेले. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून आलेल्या त्या दोहोंत अंतर पडले ते पावणेदोन सेकंदांच्या आतबाहेर. सूर्य या क्षणी नाहीसा झाला तरी पृथ्वी आणखी आठ मिनिटे आपल्या कक्षेत फिरत राहील, हे आता केवळ गणित राहिलेले नाही.

शास्त्रज्ञांचा व्यवहारही पाहा. २०११ मध्ये जिनिव्हाजवळून इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत सुमारे ७३० किलोमीटर गेलेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचे जाहीर झाले. बहुतेकांनी विश्वाचे नियम बदलायला घेतले नाहीत, चूक कोठे आहे ते शोधायला घेतले, आणि पुढच्या वर्षी प्रकाशतंतूची एक सैल जोडणी सापडली.

एक शंका शास्त्रीबुवांना, म्हणजे हरिपूरकरांनाही विचारते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाला जलाशय कारणीभूत झाला, असे बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात. पण कोयनेहून मोठे जलाशय जगात पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांच्या परिसरात असा भूकंप झालेला नाही. मग आपले ‘नियत’ कोठे राहिले?

हरिपूरकर, सांगली

ताई, नियम कार्याकडून कारणाकडे वाचायचा असतो. घट आहे तेथे आधी माती होतीच, पण माती आहे तेथे घट होईलच असे नाही. जलाशय असून भूकंप झाला नाही, तर सामग्री, म्हणजे कारणांचा सगळा संच, अपुरी होती इतकेच ठरते, कारण पाण्याबरोबर खाली ताण साठलेला प्रस्तरभंगही (खडकातली मोठी भेग) लागतो. माझी खरी अडचण दुसरी आहे, आणि ती आपण विचारली नाही म्हणून मीच सांगतो: जलाशय नसताना भूकंप होतात. यावर परंपरेत गवत, अरणी आणि मणी यांपासून होणाऱ्या अग्नीचे उदाहरण देतात आणि तिन्ही अग्नी वेगळ्या जातीचे मानतात, म्हणजे प्रत्येकाचे कारण वेगळे ठरते. ते उत्तर मला स्वतःला थोडे ओढूनताणून आणलेले वाटते.

तासगावकर

सैल जोडणीवरून शास्त्रज्ञ चिवट आहेत एवढे सिद्ध होते, निसर्गाबद्दल काही होत नाही. आणि ताईंच्या ‘वाटे’ला मोठे खिंडार पाडणारी गोष्ट अजून कोणी काढलेली नाही. पदार्थवैज्ञानिक बेल यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या प्रमेयाची कसोटी पुढे अनेक प्रयोगांत लागली आणि त्या कामासाठी अ‍ॅस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. एकत्र जन्मलेले दोन कण दूर नेऊन मोजले, तर निकालांत असा मेळ आढळतो की तो ‘दोघांनी आधीच ठरवून घेतले होते’ या प्रकारच्या कोणत्याही साध्या स्पष्टीकरणात बसत नाही. मोजमापे इतकी जवळच्या वेळी करता येतात की दोन्हींमध्ये प्रकाशालाही जायला सवड नसते, म्हणजे सरांच्याच हिशेबाने कोणते आधी आणि कोणते नंतर हे निरीक्षकागणिक बदलते. येथे ‘नियत’ आहे आणि ‘पूर्व’ नाही. आता यातले कारण कोणते ते सांगा.

हरिपूरकर, सांगली

कोणतेच नाही, आणि नैयायिकाला हे उत्तर देताना लाज वाटण्याचे कारण नाही. अंधारात आंबा चाखून त्याच्या रंगाचे अनुमान करता येते, हा जुना दृष्टान्त आहे. रस हे रूपाचे कारण नव्हे आणि रूप हे रसाचे कारण नव्हे, तरी एकावरून दुसरे कळते. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्ती म्हणतो की दोन्ही एकाच सामग्रीतून उत्पन्न झाले म्हणून हे कळते. नैयायिक म्हणतो की व्याप्तीच्या, म्हणजे एक असेल तेथे दुसरे असतेच या नियमाच्या, मुळाशी कार्यकारणभाव किंवा तादात्म्य (एकरूपता) असलेच पाहिजे, हा आग्रह कशाला? नियमित साहचर्य दिसते आणि त्याला बाध येत नाही, तेवढे पुरे आहे. बेल यांच्या प्रमेयाने अडचण झाली असेल तर ती समान सामग्री शोधणाऱ्या धर्मकीर्तीची झाली. हजार-तेराशे वर्षांपूर्वीच्या या वादात एक बाजू प्रयोगशाळेतून सावरली जावी, याची मला गंमत वाटते.

माहुलीकर, सातारा

‘संरक्षण दिले’ हे शब्द मी मागे घेतो, तासगावकरांचा पोहरा वर्मी लागला. त्या मेळातून सांगलीला एक अक्षराचाही निरोप पाठवता येत नाही, हे मात्र नोंदवून ठेवतो, कारण ताईंची वाट त्यामुळे बुजत नाही. दोन तोंडांबद्दल सांगायचे तर राख पुन्हा लाकूड होत नाही ही दिशा उष्मागतिकीने, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राने, दिलेली आहे, सापेक्षतावादाने नव्हे, हे मान्य. तरीही तोंडांची अदलाबदल केली म्हणून कोणत्या दोन घटना एकमेकींशी जोडता येतात आणि कोणत्या येत नाहीत, यात तिळमात्र फरक पडत नाही. रॉब नावाच्या गणितज्ञाने १९१४ मध्ये केवळ आधी-नंतरच्या संबंधावरून मिंकोव्स्कीची भूमिती उभी करून दाखवली होती. म्हणजे ती फूटपट्टी आणि घड्याळ न वापरताही मिळते.

तासगावकर

जोडता येणे आणि जोडलेले असणे यांत कारणाचा सगळा प्रश्न उरतोच, पण रॉबचे काम मी वाचलेले नाही, वाचून बोलेन. राखेचे उत्तर मात्र अर्धवट आहे. उष्मागतिकीला दिशा मिळते ती विश्वाचा आरंभ अतिशय सुव्यवस्थित अवस्थेत झाला असे मानल्यावर, आणि तो तसा का झाला असे विचारले की मी, कारण नाकारणारा माणूस, पुन्हा कारणच विचारत असतो, तेही अशा ठिकाणी की ज्याच्या मागे शंकू पसरायला जागाच नाही. कृष्णाकाठ ताईंना यावर काही सुचले तर लिहावे. मला पहाटे फवारणीला जायचे आहे, उत्तर संध्याकाळी वाचेन.