आगमनकाळ: तयारी कशाची?

आगमनकाळ, म्हणजे ख्रिस्ती परंपरेतील नाताळाआधीचा तयारीचा काळ, हा केवळ घराची आवराआवर आणि फराळाची लगबग, असे पुष्कळदा समजले जाते. त्यात थोडी भर घालावीशी वाटते. कॅथलिक परंपरेत नव्या उपासना-वर्षाचा आरंभच या काळाने होतो. रविवार चार असले तरी दिवस २२ ते २८ असे बदलतात. २०२३ साली चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आल्याने हा काळ सर्वांत तोकडा ठरला.

मला महत्त्वाचे वाटते ते असे की, १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचा रोख मुख्यतः ख्रिस्ताच्या पुनरागमनावर असतो आणि १७ तारखेपासून तो बेथलेहेममधील जन्माकडे वळतो. म्हणजे ही तयारी केवळ बाळाच्या स्वागताची नसून, प्रभू येईल तेव्हा आपण कसे सापडू, या प्रश्नाचीही आहे. म्हणून धर्मगुरूंच्या वस्त्रांचा रंग पश्चात्तापाचा, जांभळा, आणि म्हणूनच रविवारच्या मिस्सात (चर्चमधील मुख्य उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे आनंदाचे स्तुतिगीत गायले जात नाही. ‘आलेलुया’ हा जयघोष मात्र राहतो, कारण हा उपवासकाळ (ईस्टरपूर्वीचा प्रायश्चित्ताचा काळ) नव्हे. येथे पश्चात्तापाला आशेची जोड आहे.

आमच्या घरी हिरव्या डहाळ्यांच्या चक्रात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी मेणबत्ती असते. पहिल्या रविवारी दिवे मालवून एकच ज्योत लावली की तिचा उजेड जेमतेम टेबलाच्या कडेपर्यंत पोचतो, आणि त्या अपुऱ्या उजेडात बायबलमधील यशया संदेष्ट्याचे वाचन ऐकताना वाट पाहणे म्हणजे काय ते मुलांना न सांगता कळते. तिसऱ्या, आनंदाच्या रविवारी गुलाबी मेणबत्ती पेटते, तोवर पहिली बोटभरच उरलेली असते.