मदत हवी आहे: ड्राय आइस रातोरात निम्मा झाला, उद्या आइसक्रीम न्यायचंय

हापूसवेडी
काल संध्याकाळी आणलेला ड्राय आइस फ्रीजरमध्ये ठेवला होता, सकाळी निम्माच उरलाय. वजनात मारलं का? उद्या पुण्याहून सोलापूरला आइसक्रीम न्यायचंय. लवकर सांगा.

शीतसाखळी
किती किलो? गोळ्या की लादी? आइसक्रीम किती, बॉक्स कसला? वजनाचा संशय सोडा. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८.५ अंशांचा, घरचा फ्रीजर उणे १८ चा. म्हणजे ६० अंशांनी गरम जागेत ठेवलात. तो वितळत नाही, थेट वायू होऊन उडतो.

खडेमीठ
कशाला ही भानगड? तीन भाग बर्फाचा चुरा, एक भाग मीठ. उणे २० मिळतं.

शीतसाखळी
उणे २१ ही त्याची शेवटची मर्यादा. पाणी सुटून मीठ पातळ झालं की पारा वर चढतो, आणि आइसक्रीमला उणे १८ लागतं. किलोभर बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढतो, ड्राय आइस उडताना ५७१. आणि खारं पाणी डिकीत सांडतं ते वेगळंच.

पडद्यामागे
धुरासाठी गरम पाण्यात थोड्या थोड्या गोळ्या टाका. पाणी गार झालं की धूर बसतो. तो पांढरा धूर म्हणजे पाण्याचे बारीक थेंब, कार्बन डायऑक्साइड दिसत नाही.

हापूसवेडी
धूर नकोय हो! ५ किलो गोळ्या, प्लास्टिकच्या पिशवीत. १०० मिलीचे ६० कप, थर्माकोलचा बॉक्स, छोटी गाडी.

शीतसाखळी
आता कळलं. गोळ्यांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून लवकर उडतात. लादी घ्या, तीही निघायच्या दिवशीच. ५ सेंमी जाड थर्माकोल असेल तर तासाला साधारण २०० ग्रॅम धरा. सहा तासांना सव्वा किलो, उशीर आणि ऊन धरून ३ ते ४ किलो. कप खाली, वर पुठ्ठा, त्यावर कागदात गुंडाळलेली लादी. गार वायू जड असतो, खाली उतरतो. उरलेल्या पोकळीत वर्तमानपत्रं कोंबा.

खडेमीठ
लादी तळाशीच ठेवतात.

शीतसाखळी
तळाशी ठेवली तर खालचे कप दगड आणि वरचे मऊ.

हवाबंद_नको
गाडीचं कुणीच बोलत नाहीये! किलोभर ड्राय आइसचा ५०० लीटरहून जास्त वायू होतो. तासाला २०० ग्रॅम म्हणजे ११० लीटर. केबिन ३००० लीटरची, काचा बंद आणि एसी आतलीच हवा फिरवणारा, तर तासाभरात हवेत साडेतीन टक्के कार्बन डायऑक्साइड. डोकं दुखतं, धाप लागते, आणि हे चालवणाऱ्याला होतंय. एसी बाहेरची हवा घेणारा ठेवा, काच दोन बोटं उघडी. जाड कोरडे हातमोजे हवेतच.

हापूसवेडी
बरं. बॉक्सला भोकं पाडू का?

हवाबंद_नको
भोकं नकोत. झाकणाला तीन बाजूंनी टेप, चौथी मोकळी. उरलेला तुकडा सिंकमध्ये किंवा झाकणाच्या बाटलीत टाकू नका, बाटली फुटते. गच्चीवर उघड्यावर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

शीतसाखळी
आणि कप वाढण्याआधी अर्धा तास घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर चमचा शिरणार नाही.